तीन साईट, रोजचा एक तास: आधी काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. राहायला घोडबंदर रोडला कासारवडवलीत, नोकरी महापेला मिलेनियम बिझनेस पार्कात, घरी यायला साडेआठ-नऊ. वर्डप्रेस या साईट बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या तीन साईट आहेत, एक पावसाळी ट्रेकची, एक उपवासाच्या रेसिपींची आणि एक नवी मुंबईतल्या क्लासेसची यादी देणारी. रात्री जेमतेम तासभर मिळतो आणि रविवारची सकाळ मोकळी असते. तिन्ही साईट अर्धवट आहेत, तिन्हींचे मिळून थोडेफार पैसे येतात, आणि लॅपटॉप उघडला की पहिला वेळ 'आज काय करू' यातच जातो. शेवटी तुम्ही असंही विचारलंय की बायको मदत करायला तयार आहे तर तिला कुठलं काम द्यावं.

मी नेरुळला राहतो, नोकरी सांभाळून बरीच वर्षं साईट चालवतोय, त्यामुळे जे लिहितोय ते करून बघितलेलं आहे. उत्तर लांबलंय, पण प्रश्नच तसा आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट. तुम्ही कामांची यादी पाठवलीये, बावीस-तेवीस कामं आहेत त्यात, आणि विचारताय की यातलं पहिलं कुठलं. माझं म्हणणं आहे की कामांना नंबर लावायच्या आधी साईटना नंबर लावा. तीन साईटची कामं एकाच यादीत आली की रोज ज्याची आठवण होते ते काम वर येतं, म्हणजे सोमवारी ट्रेकच्या साईटचा मेनू, मंगळवारी रेसिपीचा फोटो, बुधवारी कुठल्यातरी क्लासचा बदललेला फोन नंबर, आणि महिन्याच्या शेवटी तिन्ही साईट होत्या तिथेच. ज्याच्याकडे पूर्ण दिवस आहे त्याला हे परवडेल, तुम्हाला आठवड्याला आठ-दहा तास मिळतात, ते तीन ठिकाणी वाटले तर एका साईटला तीनच तास पडतात आणि तीन तासांत साईट फक्त जिवंत राहते, वाढत नाही.

आता नंबर कसे लावायचे. बहुतेक जण सांगतील की जी साईट जास्त पैसे देते ती पहिली. चूक नाही, पण अपुरं आहे, कारण तुमच्यासारख्या माणसाकडे वेळ किती आहे याच्याइतकंच तो कुठला वेळ आहे हेही महत्त्वाचं असतं. रात्री दहाचा तास, ठाणे स्टेशनवर ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून उभ्याने जातानाची वीस मिनिटं, आणि रविवारी सकाळी सातची शांतता, हे तिन्ही घड्याळात सारखे दिसले तरी कामाच्या दृष्टीने वेगवेगळे आहेत. आणि प्रत्येक साईट वेगळ्या प्रकारचा वेळ मागते.

क्लासेसची साईट बघा. ती चालते कशावर? माहिती ताजी असण्यावर. कुठला क्लास कोपरखैरण्याहून घणसोलीला हलला, फी किती झाली, बॅच कधी सुरू होते, हे सगळं फोन करूनच कळतं, आणि क्लासवाले फोन उचलतात दुपारी किंवा संध्याकाळी, म्हणजे नेमके तुम्ही ऑफिसात असताना. त्यात खरा पैसा आहे तो क्लासवाल्यांकडून थेट घ्यायच्या जाहिरातीत, त्याला तर भेटायला जावं लागतं, एकदा जाऊन भागत नाही, पैसे मागायला परत जावं लागतं. कल्पना वाईट नाही, सीवूड्स ते ऐरोली पट्ट्यात क्लासेस शोधणारे पालक भरपूर आहेत, पण ही साईट दिवसाचा वेळ मागते आणि तो तुमच्याकडे नाहीये.

रेसिपीची साईट दिवसाचा उजेड मागते. रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला साबुदाणा वड्याचा फोटो कितीही एडिट केला तरी पिवळाच दिसतो. आणि तिचं गिऱ्हाईक ठराविक दिवसांचं आहे, महाशिवरात्र, आषाढी, श्रावण, नवरात्र, या दिवसांत ग्राफ एकदम वर जातो आणि दुसऱ्या दिवशी खाली.

ट्रेकची साईट मात्र अशी आहे की तिचा कच्चा माल तुमच्याकडे आधीच पडलेला आहे. तुम्हीच लिहिलंय की चार-पाच पावसाळ्यांचे फोटो हार्ड डिस्कवर आहेत, रस्ते माहितीयेत, आणि जे लिहायचंय ते डोक्यात आहे. हे काम रात्री दहाला होतं. फोन नको, उजेड नको, कुणाची वाट बघायला नको. म्हणून माझ्या हिशोबाने ट्रेकची साईट पहिली, रेसिपीची दुसरी, क्लासेसची तिसरी. आणि पहिली म्हणजे थोडी जास्त लाडकी असं नाही, पुढचे चार-पाच महिने सगळे चांगले तास फक्त तिला. आत्ता जानेवारी चालू आहे, लोक पावसाळी ट्रेक शोधायला लागतात मेच्या शेवटापासून, आणि गूगलला बदललेलं पान परत वाचून जागा बदलायला वेळ लागतो, त्यामुळे काम एप्रिलपर्यंत झालेलं बरं. जूनमध्ये पाऊस पडल्यावर लिहायला बसलात तर त्या सीझनचा बराचसा भाग हातातून गेलेला असतो.

मग बाकीच्या दोघींचं काय, तर त्यांना झोपवायचं. झोपवायचं म्हणजे सोडून द्यायचं नाही, हे नीट सांगतो कारण इथेच लोकांचं नुकसान होतं.

झोपलेल्या साईटला तीन गोष्टींनी धोका असतो, डोमेन (साईटचं नाव-पत्ता) हातातून जाणं, हॅक होणं, आणि बंद पडलेलं कुणाला न कळणं. डोमेनचं सांगायचं तर ऑटो-रिन्यू चालू आहे म्हणून निवांत राहू नका. रिझर्व्ह बँकेचे ऑटो-डेबिटचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले तेव्हापासून परदेशी कंपन्यांकडे घेतलेल्या डोमेनचं आपोआप पेमेंट आपल्या कार्डावरून बऱ्याचदा होतच नाही, आणि मेल येतो तो प्रमोशनच्या टॅबमध्ये पडून राहतो. मुदतीच्या महिनाभर आधीची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, किंवा सरळ दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरा. आणि डोमेन ज्या ईमेलवर आहे तो तुमचा स्वतःचा असू दे, ऑफिसचा अजिबात नको. नोकरी सोडल्यावर तो मेल बंद होतो आणि डोमेन आपलं आहे हे सिद्ध करत बसावं लागतं.

हॅकचं म्हणाल तर वर्डप्रेसमध्ये बहुतेक वेळा भोक पडतं ते प्लगिनमधून, म्हणजे साईटला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्राममधून. जे प्लगिन वापरत नाही ते नुसतं डीअ‍ॅक्टिव्हेट करून ठेवू नका, डिलीट करा. उरलेल्यांना ऑटो-अपडेट चालू करा. फुकट मिळालेली क्रॅक केलेली थीम कुठे असेल तर आजच काढा, त्यात बऱ्याचदा आधीच कुणीतरी दार ठेवलेलं असतं. बॅकअप अपड्राफ्टप्लससारख्या प्लगिनने आठवड्याला गूगल ड्राइव्हवर जाऊ दे, होस्टिंगच्या सर्व्हरवरच ठेवलेला बॅकअप सर्व्हर गेला की त्याच्याबरोबर जातो. आणि एकदा, एकदाच, तो बॅकअप एखाद्या रिकाम्या सबडोमेनवर (त्याच डोमेनखालच्या वेगळ्या पत्त्यावर) उतरवून बघा. न उतरवलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही. साईट बंद पडली की कळायला अपटाइमरोबोट आहे, फुकटच्या प्लॅनमध्ये दर पाच मिनिटांनी तपासतो आणि मेल पाठवतो. झोपलेल्या साईटवर कमेंट बंद करा, नाहीतर स्पॅम निस्तरण्यात तुमचे तास जातील.

हे सगळं एका रविवारी सकाळी उरकतं. त्यानंतर दोघींना मिळून महिन्याला एकदा अर्धा तास, बास. मधेच रेसिपीच्या साईटची एखादी भन्नाट कल्पना सुचली तर फोनमधल्या नोटमध्ये लिहून ठेवा, त्या दिवशी करायला घेऊ नका.

आणि अ‍ॅडसेन्सच्या, म्हणजे गूगलच्या जाहिरातींच्या, बाजूने बघितलं तर झोपलेली साईट वाया जात नाही. एकाच खात्यात सगळ्या साईट असतील तर पैसे एकत्रच साठतात, आणि शंभर डॉलर झाल्याशिवाय ते बँकेत येत नाहीत. महिन्याला दहा डॉलर देणारी साईट एकटी असती तर दहा महिन्यांनी एकदा पेमेंट आलं असतं, तिघी मिळून तो आकडा लवकर गाठतात. म्हणून दुसरी-तिसरी साईट घाईघाईने बंद करायची गरज नाही, फक्त तिला वेळ देणं बंद करायचं.

आता मुख्य भाग, ट्रेकच्या साईटवर तो तास घालवायचा कशात.

नवीन लेख लिहायची खुमखुमी सगळ्यांना असते. पण साईट दोन-तीन वर्षं जुनी असेल तर पहिले दोन महिने एकही नवीन पान न लिहिता जुनी पानं नीट करणं जास्त फायद्याचं. कारण जुन्या पानाला गूगलने आधीच एक जागा दिलेली आहे, ते आठव्या नंबरवरून चौथ्यावर आणायला जेवढे कष्ट लागतात त्याच्या कितीतरी पट कष्ट कोऱ्या पानाला पहिल्या पानावर आणायला लागतात.

कसं करायचं ते एका पानावर दाखवतो. सर्च कन्सोल, म्हणजे तुमची साईट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं टूल, उघडा, परफॉर्मन्समध्ये जा. तारीख गेल्या तीन महिन्यांची नको, ट्रेकच्या साईटला ती काही कामाची नाही कारण आत्ता थंडी आहे. सर्च कन्सोल सोळा महिन्यांचा डेटा ठेवतं, तेव्हा गेल्या वर्षीचे जून ते सप्टेंबर निवडा. पानांच्या टॅबमध्ये सरासरी पोझिशन चालू करा, पाच ते वीसच्या मधली पानं ठेवा, आणि इम्प्रेशन्सनुसार, म्हणजे पान शोधात किती वेळा दिसलं त्यानुसार, लावा. म्हणजे काय झालं, तर लोक शोधतायत, गूगल तुम्हाला दाखवतंय, पण लोक तुमच्यापर्यंत पोचत नाहीयेत अशी पानं वर आली. यातली वरची पाच-सहा पानं म्हणजे तुमचं पुढच्या दोन महिन्यांचं काम. बावीस कामांची यादी बाजूला ठेवा.

समजा त्यात कळसूबाईचं पान आहे. त्या पानावर क्लिक करून क्वेरीजच्या टॅबमध्ये गेलात की लोकांनी नेमकं काय टाइप केलं ते दिसतं. तुमच्या लेखात पहिले तीन परिच्छेद असतील की महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर, वर कळसूबाईचं देऊळ, निसर्गरम्य वगैरे. आणि लोक शोधत असतील 'कळसूबाई कसारा स्टेशनवरून कसं जायचं', 'बारी गावातून परत यायला गाडी', 'कळसूबाई शिड्या पावसात', 'कळसूबाई लहान मुलांना घेऊन'. म्हणजे उंची त्यांना माहितीये किंवा तिचं काही पडलेलं नाही, त्यांना पोचायचं कसं आणि परत यायचं कसं ते हवंय. हे तुमच्या लेखात असेल सगळ्यात खाली दोन ओळींत, तेही 'कसाऱ्याहून जीप मिळते' एवढंच.

तर त्या रात्रीच्या तासात काय करायचं? लेखाची सुरुवात उचलून खाली टाका. वर आणा तो प्रवास. ठाण्याहून कसारा लोकल, कसाऱ्याहून पायथ्याच्या बारी गावापर्यंत काय मिळतं, शेअर जीपला माणसं भरेपर्यंत थांबावं लागतं का, उतरताना उशीर झाला तर काय पर्याय, पावसात शिड्यांवर गर्दी झाली की किती वेळ जातो, बारी गावात जेवणाची सोय कुठे होते. हे तुम्ही स्वतः अनुभवलंय, तुमच्या शब्दांत लिहा. हार्ड डिस्कवरचे शिड्यांचे दोन फोटो टाका, पावसात भिजलेले, गर्दीचे, सुंदर नसले तरी चालतील कारण माणसाला बघायचंय की आपली आई किंवा मुलगी तिथे चढू शकेल का. मग टायटल बदला, 'कळसूबाई ट्रेक माहिती' ऐवजी ज्यात कसारा आणि परतीचा प्रवास हे शब्द येतील असं. झालं. तारखेसकट एका वहीत लिहून ठेवा की या पानावर काय बदललं, आणि त्या पानाला पुढचे काही आठवडे हात लावू नका. रोज जाऊन पोझिशन बघणं हे काम नव्हे, तुमच्या तासाचा पाव भाग त्यातच जात असेल तर मला नवल वाटणार नाही.

हेच पान निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. गूगलचे एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे शोधात वरच दिसणारी एआयची उत्तरं, भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून साध्या माहितीचं उत्तर बऱ्याचदा शोधाच्या पानावरच मिळून जातं. शिखराची उंची, भगरीत कॅलरी किती, अशा प्रश्नांसाठी माणूस आता तुमच्या साईटवर येईलच असं नाही. तुमचा तास अशा पानावर घालवू नका. जिथे कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन आल्याशिवाय उत्तर देता येत नाही अशा पानांवर घाला. आणि याचीच दुसरी बाजू, वेळ वाचवायला म्हणून एआयकडून आठवड्याला पन्नास लेख काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर घेऊ नका. मार्च २०२४ मध्ये गूगलने स्पॅमचे नियम बदलले त्यात ढिगाने काढलेला मजकूर हा स्वतंत्र गुन्हाच धरलाय, मग तो माणसाने लिहिलेला असो की मशीनने. त्यात पूर्ण साईट खाली गेली तर वाचवलेले तास वर्षभर निस्तरण्यात जातात. एआय वापरा, मी पण वापरतो, शुद्धलेखन तपासायला, टायटलचे दहा पर्याय काढायला, कोडमधली चूक शोधायला. अनुभव त्याच्याकडून उसना घेऊ नका.

आणि ट्रेकच्या बाबतीत यात जीवाचाही प्रश्न आहे, हे मला फार मनापासून वाटतं. पावसाळ्यात धबधबे आणि काही वाटा प्रशासन दरवर्षी बंद करतं, जीपा बंद होतात, गाडीच्या वेळा बदलतात. तुमच्या पानावर जुनी वेळ राहिली आणि चार मुलं रात्री कसाऱ्याला अडकली तर ते नुसतं एक जुनं पान राहत नाही. म्हणून वेळ कमी असेल तर नवीन दहा ट्रेक लिहू नका, आहेत त्या पानांवरची जुनी माहिती काढा, आणि जी खात्रीची नाही ती पुसून टाका. पुसायला दोन मिनिटं लागतात.

आता तुमच्या यादीतली कामं बघतो. लोगो बदलणं, थीम बदलणं, इन्स्टाग्रामचं पेज, न्यूजलेटर, पुश नोटिफिकेशन, साईटचा स्पीड स्कोअर शंभरला नेणं. यातलं स्पीडचं थोडं सांगतो, कारण त्यात माणसं महिने घालवतात. सर्च कन्सोलमध्ये कोअर वेब व्हायटल्सचा रिपोर्ट आहे, तो खऱ्या वाचकांच्या फोनवरचा डेटा दाखवतो. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसतोय, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत साईट हलतेय, आणि पान वाचताना उड्या मारत नाहीये, एवढं असलं की तिथे हिरवं दिसतं. हिरवं असेल तर विषय संपला, टेस्टिंग टूलवरचा ८७ चा आकडा ९८ करून वाचकाला काही फरक पडत नाही. लाल असेल तर बहुतेक वेळा कारण फोटोच असतात, फोनवरून जसेच्या तसे चार-पाच एमबीचे चढवलेले. एक इमेज लहान करणारं प्लगिन टाका आणि रात्री झोपताना चालू करून ठेवा. लोगो, थीम, इन्स्टाग्राम, न्यूजलेटर, हे सगळं पावसाळ्यानंतर. थीम तर सीझनच्या तोंडावर अजिबात बदलू नका.

वेळेच्या प्रकाराचं वर म्हटलं ते इथे परत उपयोगी पडतं. रविवारी सकाळ, डोकं ताजं, तेव्हा लिहायचं, म्हणजे कळसूबाईसारख्या पानाचा नवा मजकूर. रात्रीचा तास थकलेला असतो, त्यात टायटल, फोटो लहान करणं, तुटलेल्या लिंका, आणि उद्या काय करायचं ते एका ओळीत लिहून ठेवणं. ही शेवटची ओळ चुकवू नका. 'हरिश्चंद्रगड पान, खिरेश्वर वाटेचा परिच्छेद पुरा करणे' एवढी स्पष्ट ओळ डेस्कटॉपवर असली की दुसऱ्या रात्री 'आज काय करू' हा प्रश्नच उरत नाही, बसायचं आणि सुरू करायचं. 'ट्रेक साईटचं काम' असं लिहिलंत तर काही उपयोग नाही. गाडीत फोनवर फक्त बोलून नोंदी करा, मराठीत व्हॉइस टायपिंग आता बरंच चांगलं चालतं, घोडबंदरला बस अडकली असेल तर अर्धा परिच्छेद तिथेच तयार होतो. पण फोनवरून वर्डप्रेसमध्ये शिरून बदल करू नका, अर्धवट काहीतरी पब्लिश होतं आणि ते शोधायला रात्रीचा तास जातो.

महिन्याला एकदा तास मोजा, हे जरा रुक्ष वाटेल पण करा. कुठल्या पानावर किती तास गेले ते त्याच वहीत लिहा आणि पुढे तीन-चार महिन्यांनी त्या पानाचे क्लिक किती वाढले ते बाजूला लिहा. पैशाचा आकडा लगेच बघू नका, कारण जाहिरातींचे भाव दिवाळीच्या तिमाहीत चढतात आणि जानेवारीत पडतात, त्यात तुमच्या कामाचा काहीच हात नसतो. जानेवारीची तुलना डिसेंबरशी न करता गेल्या जानेवारीशी करा. दोन-तीन नोंदी झाल्या की तुमचं तुम्हालाच दिसेल कुठल्या कामाला फळ येतं, माझ्यासारख्याला विचारायची गरज राहणार नाही.

नोकरीबद्दल दोन शब्द, विचारलं नसलं तरी. अपॉइंटमेंट लेटर काढून बाहेरच्या उत्पन्नाचं कलम वाचा. २०२२ मध्ये विप्रोने ३०० जणांना काढल्याची बातमी तुम्ही वाचली असेल, ती माणसं प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करत होती, ट्रेकची साईट म्हणजे तो प्रकार नाही, पण प्रत्येक कंपनीचं कलम वेगळं असतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर साईटचं लॉगिन सुद्धा करू नका, जेवणाच्या सुट्टीतही नाही. आणि येणारं उत्पन्न कितीही कमी असलं तरी रिटर्नमध्ये दाखवा, पहिल्या वर्षी एखाद्या सीएला विचारून घ्या म्हणजे दरवर्षी त्यात आठवडा जाणार नाही.

क्लासेसच्या साईटचं काय करायचं ते सांगायचं राहिलं. तिथे जी माहिती वर्षभर तपासली नाहीये ती पानं ड्राफ्टमध्ये टाका. चुकीचा नंबर बघून एखादी आई तीन ठिकाणी फोन करत बसते, ते बरोबर नाही. ज्या चार-पाच क्लासेसची माहिती पक्की आहे तेवढीच ठेवा, वर 'शेवटची तपासणी' म्हणून महिना लिहा. डोमेन रिन्यूअलची तारीख येईल तेव्हा बघा की कुणा क्लासवाल्याने आपणहून विचारणा केली का. केली असेल तर एक वर्ष अजून ठेवा, नसेल तर जाऊ द्या. त्या साईटवर आधी किती कष्ट घातले हा विचार त्या दिवशी मधे आणू नका.

आता बायकोच्या मदतीचं. तुम्ही लिहिलंय की 'ती घरीच असते, तर फोटो एडिट करणं, कमेंटला उत्तरं देणं असं काहीतरी तिला देऊ का'. मला वाटतं हा प्रश्न उलटा विचारायला हवा. रेसिपीच्या साईटवरचे पदार्थ कुणी केलेत? तुमच्याच लिहिण्यावरून दिसतंय की त्यांनीच, उपवासाची भाजणी, वरीचे तांदूळ, शिंगाड्याची थालीपीठं, सगळं त्यांचं. त्यांच्याकडे दिवसाचा उजेड आहे, स्वयंपाकघर आहे, आणि साबुदाणा किती तास भिजवला की चिकट होत नाही हे त्यांना माहितीये, जे मुळात त्या साईटचं भांडवल आहे. तेव्हा तुमच्या साईटची उरलेली कामं त्यांना देण्यापेक्षा ती साईटच त्यांना चालवायची आहे का ते विचारा. आणि घरी असतात म्हणजे वेळ मोकळा आहे असं गृहीत धरू नका, त्यांचेही तास तुमच्यासारखेच मोजून घ्या, त्यांना किती जमेल ते त्यांनी सांगायचं. 'नको' म्हणाल्या तर साईट झोपलेलीच राहू दे.

'हो' म्हणाल्या तर वर्डप्रेसमध्ये त्यांचं स्वतःचं लॉगिन काढून द्या, तुमचा पासवर्ड वापरायला लावू नका. सुरुवातीला एडिटरचा रोल पुरेल, त्यात लेख, फोटो, कमेंट सगळं करता येतं आणि प्लगिनला चुकून हात लागत नाही, जरा सरावल्या की अ‍ॅडमिन करा. लेखावर लेखिका म्हणून त्यांचं नाव येऊ दे. त्या साईटचे पैसे किती आले ते अ‍ॅडसेन्समध्ये साईटनुसार वेगळं दिसतं, तेवढे दर महिन्याला त्यांच्या खात्यात टाका. महाशिवरात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, तेव्हा या रविवारी विचारलंत तर भगरीच्या आणि रताळ्याच्या पानांचे नवे फोटो तेवढ्या वेळात काढून होतील.